तळघराचा चार्ज

विषय : जुन्या कार्यालयाच्या तळघरात गुडघाभर पाणी भरून मिळणेबाबत.
संदर्भ : १) दिनांक ३० नोव्हेंबर १९८८ ची चार्ज यादी, अनुक्रमांक २३.
२) माझे यापूर्वीचे बारा अर्ज.
३) यंदा रद्द झालेले रब्बीचे आवर्तन.

१

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, मी सेवानिवृत्त लिपिक असून माझी प्रकृती ठीक आहे. प्रकृतीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. अर्ज वाचून साहेबांनी पहिला प्रश्न तोच विचारला. जिल्ह्यात बायामाणसं घागर घेऊन कोस कोस हिंडत असताना तळघरात ओतायला पाणी मागणारा म्हातारा पाहिल्यावर दुसरं काय विचारणार? अर्जातल्या 'कारण' या रकान्यात मी 'कार्यालयीन' एवढंच लिहिलं होतं. सविस्तर कारण इथे लिहितो. ते कोणत्याही नमुन्यात बसत नाही.

आमचं कार्यालय कालव्याचं. कुंभार पिंपळगावच्या अलीकडे एका गावात होतं. नाव घेत नाही. इमारत म्हणजे निजामाच्या अमदानीतली धान्याची कोठी. हातभर जाड दगडी भिंती, खाली अकरा पायऱ्यांचं तळघर. वर आम्ही आठ माणसं आणि खाली, दगडी ओट्यांवर मांडलेल्या रॅकमध्ये, भूसंपादनाच्या फायली. ज्यांच्या जमिनी कालव्यात गेल्या त्यांचे कागदही कालव्याच्या ओलीत ठेवावेत, ही योजना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली ते मला अखेरपर्यंत कळलं नाही.

कारण या तळघरात पाणी यायचं ते हिवाळ्यात. पावसाळ्यात ठणठणीत कोरडं. नवा साहेब जुलैत तपासणीला यायचा, खूश होऊन जायचा. डिसेंबरच्या मध्यावर गहू-हरभऱ्यासाठी कालव्याला पाण्याची पाळी सुटली, की तीनशे फुटांवरून पाझर जमिनीखालून चालत यायचा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी फरशीच्या सांध्यांतून निघायचा. गार, स्वच्छ, आवाज न करता.

तळघराचा चार्ज साहेबरावकडे होता. साहेबराव माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. नावात साहेब आणि राव दोन्ही असून लिपिकच राहिलास, असं मी त्याला म्हणायचो. "तुज्या नावात धर्म हाय, त्याचा कुटं उजेड पडून राह्यला?" असं तो म्हणायचा. माझं नाव धर्मराज. बारा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. माझ्या पत्नीचं, कौसल्येचं, ऑपरेशन झालं तेव्हा जालन्याच्या दवाखान्यात आठ दिवस तो बाकावर झोपला. १९८३ साली त्याचा धाकटा भाऊ संपत गेला तेव्हा तिरडी बांधायला मी होतो. सत्तावीस वर्षांचा धडधाकट गडी. फुप्फुसात पाणी झालं, असं डॉक्टर म्हणाले. हिवाळा होता, आम्ही निमोनिया समजलो.

१९८८ साली साहेबरावने अंबडला बदली मागून घेतली आणि तळघराचा चार्ज माझ्याकडे आला.

चार्ज घेण्याचा नियम असा, की यादीतली एकेक वस्तू समोर पाहायची, मोजायची आणि शेवटी 'प्रत्यक्ष पाहून व मोजून ताब्यात घेतले' असं लिहून सही करायची. रिवाज वेगळा आहे. परक्याचा चार्ज मोजून घ्यावा. मित्राचा मोजला तर तो त्याला चोर म्हटल्यासारखं होतं. तीस नोव्हेंबरला संध्याकाळी पावणेसहा वाजता साहेबरावने चार पानी यादी पुढे सरकवली. मी चष्मासुद्धा घातला नाही. 'प्रत्यक्ष पाहून व मोजून' असं वळणदार अक्षरात लिहिलं, सही ठोकली, आणि आम्ही दोघे भजी खायला गेलो.

२

भज्यांच्या गाडीवर त्याने मला तोंडी सूचना दिल्या.

"खालून चार पायऱ्या पान्यात राह्यल्या पाह्यजेत. पाचवी बुडू देऊ नको, चौथी उघडी पडू देऊ नको. पंदरा डिसेंबर ते पाळी बंद होईस्तोवर."

"आणि सगळंच उपसून टाकलं तर?"

"भिंती बसतील ना. भाईरून पान्याचा दाब असतो, तवा आतून बी पाह्यजे. जल्दी केली की खेळ खलास."

पुढे मी एका पुस्तकात वाचलं तेव्हा हे बराबर निघालं. भोवतालची जमीन भिजलेली असताना तळघर एका दमात उपसलं तर भिंत आत येते. खोटं बोलायचं झालं तर खऱ्याच्या आडोशाने बोलावं, हे मी साहेबरावकडून शिकलो, पण फार उशिरा.

पहिला हिवाळा मी त्याच्या सांगण्याप्रमाणे काढला. नोव्हेंबरअखेर रॅकखाली आणखी दोन थर विटा लावल्या. खालच्या फळीवरच्या फायली वर चढवल्या. दाराच्या उंबऱ्याशी वाळूची पोती रचली. पाणी आलं की रोज सकाळी मोटार लावायची, चौथ्या पायरीला बंद करायची, भिंतींना चुना मारायचा. कचरू शिपाई मदतीला असे.

याच हिवाळ्यात मला एक बारीक गोष्ट खटकली. आम्ही माणसं आठ आणि पंधरा डिसेंबरपासून चहा यायचे नऊ. नववा ग्लास कचरू तळघराच्या वरून तिसऱ्या पायरीवर ठेवून येई. थोड्या वेळाने रिकामा, विसळलेला ग्लास घेऊन येई.

"हा कुणाचा रे?"

"मोटारवाल्याचा."

"मोटार तर मी चालवतो."

"मंग मला काय ठाव, बाबू? साहेबराव बाबूनं सांगून ठिवलंय. मी इचारलं न्हाई, त्यायनं सांगितलं न्हाई."

नववा चहा कचरूच पीत असणार, असं मी ठरवलं. सरकारी नोकरीत तर्कशुद्ध विचार करायची सवय नसली तरी सोयीचा विचार करायची असते.

दुपारी दोनच्या सुमारास, जेवणं होऊन ऑफिस पेंगायला लागलं की फरशीखालून एक आवाज यायचा. घमेलं पाण्यात बुडवल्याचा, मग थोडी उसंत, मग ओतल्याचा. पुन्हा बुडवल्याचा. मोटार तेव्हा बंद असायची. कचरू म्हणाला, मोटारीच्या पाइपाचा फूटवाल बोलतो. मीही मान्य केलं.

३

पुढच्या वर्षी मला शहाणपण सुचलं. दरवर्षी पाणी येणार आणि आपण ते मोजून ठेवणार, याला काय अर्थ आहे? ते येऊच नये असं करू.

ऑक्टोबरात कालव्याच्या अंगाला, इमारतीपासून वीस फुटांवर, पुरुषभर खोल चर खोदून घेतला. तळाला गोटे भरले, उतार देऊन त्याचं तोंड नाल्याला काढलं. चराच्या अलीकडच्या बाजूला काळी माती धुमसाने ठोकून बसवली. आत उतरून फरशीचे आणि भिंतींचे सांधे खरवडले, त्यात वॉटरप्रूफ पावडर घातलेलं सिमेंट भरलं, वरून गिलावा केला. एका कोपऱ्यात खड्डा घेऊन त्यात मोटारीचा पाइप सोडला. चुकून पाझर आलाच तर तो तिथे जमावा म्हणून. हे सगळं मी पुस्तकं वाचून केलं. आमच्या खात्यात इंजिनिअर होते, पण ते वाचत नसत.

पंधरा डिसेंबर १९८९ ला कालवा तुडुंब वाहायला लागला. अठराला मी खाली गेलो. फरशी कोरडी. बावीसला कोरडी. चराच्या तोंडातून नाल्यात करंगळीएवढी धार पडत होती. मला फार आनंद झाला. साहेबांनी कौतुकाचं पत्र दिलं. अख्ख्या नोकरीतलं ते एकमेव.

मी साहेबरावला पोस्टकार्ड टाकलं : तळघर कोरडे केले आहे, भिंती जागेवर आहेत, भजी खायला ये.

उत्तर आलं नाही.

४

तेवीस तारखेला दुपारी दोन वाजता आवाज आला. बुडवल्याचा, उसंतीचा, ओतल्याचा.

मी टॉर्च घेऊन खाली गेलो. कोणी नाही, पाणी नाही. मात्र दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात, नव्या गिलाव्यावर साठलेल्या बारीक धुळीत, हातभर जागा पुसल्यासारखी स्वच्छ होती. रोज कोणी एकाच ठिकाणी टेकून बसावं तशी. वर येईपर्यंत मी तीन कारणं शोधली : मांजर, गवंड्याची पाटी, माझी नजर. टेबलाशी बसलो तर पुन्हा आवाज. पण या वेळी नीट ऐकलं. बुडवल्याचा आवाज पाण्याचा नव्हता. कोरड्या फरशीवर लोखंड खरडल्याचा होता.

सकाळी झाडायला आलेला कचरू म्हणाला, "बाबू, पायरीवर घमेलं कोन ठिवून राह्यलं?"

खालून पहिल्या पायरीवर ओलं वर्तुळ होतं. पाण्याने भरलेलं घमेलं टेकवलं की बुडाचं उमटतं तेवढं. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्या पायरीवर होतं. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या, चौथ्या दिवशी चौथ्या. कोरड्या तळघरात कोणी रोज एक पायरी चढत होतं आणि तिथे घमेलं टेकवत होतं.

ऑफिसचं घमेलं कुठे आहे, ते तरी पाहावं म्हणून मी चार्ज यादी काढली. आयुष्यात पहिल्यांदा वाचली. साहेबरावचं अक्षर मोत्यासारखं. रॅक लोखंडी, चौदा. शिडी बांबूची, एक. अनुक्रमांक २१, बादली, दोन. २२, घमेले लोखंडी, एक. त्याखाली :

'२३. इसम (हंगामी), तळघरात — १.'

त्याखाली माझं वळणदार 'प्रत्यक्ष पाहून व मोजून ताब्यात घेतले'. आणि सही.

आधी मी हसलो. कालव्यावर हंगामी माणसं असतातच. पाळीपुरती घ्यायची, पाळी संपली की घरी. पण त्यांची नोंद हजेरीपटावर असते. बादलीच्या खाली नसते.

५

दुसऱ्या दिवशी अंबडला गेलो. सकाळी निघताना वर्तुळ पाचव्या पायरीवर होतं.

साहेबराव घरीच होता. त्याची बायको उषाबाई चहा घेऊन आली, तीन कप. माणसं आम्ही दोघं. साहेबरावने नुसतं तिच्याकडे पाहिलं, तिने एक कप उचलून परत नेला.

"सवय," तो म्हणाला.

मी यादी पुढे ठेवली. "हे काय आहे?"

त्याने ती पाहिली नाही. "मला बी तसाच मिळाल्ता. अप्पाराव बाबूकून. म्या बी मोजला न्हवता."

"कोण आहे तो?"

"न्हाई ठाऊक. पंदरा डिसेंबरला हजर होतो. पानी असो, नसो. असलं की त्याच्या हाताला काम ऱ्हातं. उपसत बसतो. संपत न्हाई, पन बसतो."

"आणि नसलं की?"

"मी एक साल ठिवलं न्हवतं. त्र्याऐंशीला. तवा मी बी तुज्यासारकाच हुशार होतो."

बाहेर रस्त्यावर कोणी ऊस विकत होतं. त्र्याऐंशी साली संपतला न्हाणीतून मीच उचललं होतं. त्याचे केस ओले होते, नाकातोंडातून पाणी येत होतं. न्हाणी कोरडी होती. बादली पालथी होती. ही गोष्ट मी सहा वर्षं अशी बाजूला ठेवली होती, जशी कचेरीत नको असलेली फाइल ठेवतात.

"हे मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तं तू चार्ज घेतला असता का?"

"दुसऱ्या कोणाला द्यायचास."

"दुसऱ्यानं मोजून घेतला असता, धर्मा." तो अगदी शांतपणे म्हणाला. "सगळ्या हापिसात एकटा तूच होता. तू मोजनार न्हाई, ही मला गॅरंटी होती."

मी चपला घालत होतो. तो दारापर्यंत आला.

"घरी जा आन् पानी सोड. कौसल्यावयनी घरात हाय तुज्या."

दवाखान्यातले ते आठ दिवस मला आठवले. ते खरे होते, याची मला आजही खात्री आहे. त्रास त्याचाच आहे.

६

परतलो तेव्हा दुपार टळत होती. वर्तुळ अजून पाचव्याच पायरीवर.

चराचं नाल्याकडचं तोंड वाळूची पोती टाकून बंद केलं. म्हणजे पाणी तुंबून मागे वळावं. पण आतला गिलावा मी इतका चोख केला होता, की तो फोडल्याशिवाय थेंब येणार नव्हता. आयुष्यात एक काम मन लावून केलं, ते असं अंगाशी आलं.

"कचरू, पहार घे. चल खाली."

"न्हाई, बाबू. नोकरी घ्या माजी."

मग मी एकटा उतरलो. एका हातात पहार, एका हातात टॉर्च. टॉर्च रॅकवर ठेवला आणि खड्ड्याच्या कडेचा गिलावा फोडू लागलो. दहा-बारा घाव घातल्यावर सांधा उघडला आणि पाझर दिसला. मी दुसऱ्या सांध्याकडे वळलो. मागे लोखंड खरडलं.

मी वळलो नाही. वळायचं नाही असं ठरवलं होतं. घाव घालत राहिलो. तेवढ्यात उजव्या कोपराला काहीतरी गार टेकलं. बांधकामावर मजुरांची रांग असते. मागचा घमेलं पुढे करतो, पुढचा न बघता घेतो. तसं घमेलं माझ्या बाजूने पुढे आलं. टॉर्चच्या उजेडात त्याच्या काठावर एक हात दिसला. बोटांची कातडी खूप काळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली, आणि नखं होती तिथे फक्त जागा.

आणि मी ते घेतलं.

विचार केला नाही, पाहिलं नाही, मोजलं नाही. कोणी पुढे केलं की हात पुढे करायचा, ही तीस वर्षांची सवय. घमेलं काठोकाठ भरलेलं होतं. वजनाने माझे खांदे ओढले गेले. ते घेऊन मी अकरा पायऱ्या चढलो, अंगणात गेलो आणि लिंबाच्या बुडाशी ओतलं. मनगटापासून दंडापर्यंत बाही भिजली होती.

कचरू ओट्यावर बसून बघत होता.

"बाबू," तो म्हणाला, "रिकामं घमेलं घेऊन काय करून राह्यलात?"

लिंबाखालची माती कोरडी होती. बाही मात्र भिजलेली होती. ती कौसल्येनेही संध्याकाळी पिळली.

दोन दिवसांत पाणी चौथ्या पायरीला लागलं. वर्तुळं थांबली. कचरूला मी चहा पुन्हा नऊ सांगायला सांगितलं. साहेबांनी कौतुकाचं पत्र परत मागवलं.

७

नंतरचे आठ हिवाळे मी चौथी पायरी सांभाळली. आवाज येई, मी फायली लिही. ३१ जानेवारी १९९८ ला निवृत्त झालो.

चार्ज घ्यायला देवानंद होता. अंतरवालीकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा, कामाला चोख. मला भाऊसाहेब म्हणायचा. शेवटच्या संध्याकाळी मी यादी पुढे ठेवली, तेव्हा त्याने पेन उघडला.

"तुमी दिला म्हंजे मोजलाच, भाऊसाहेब. कुटं सही करू?"

वेळसुद्धा तीच होती, पावणेसहा. पेन कागदावर टेकला असता तर मी आज मोकळा असतो. भजी खायला नेलं असतं त्याला.

"मोजून घे," मी म्हणालो.

"तुमचा चार्ज मोजू?"

"मोज. तेवीस नंबर वाच आणि खाली जाऊन मोज."

त्याने वाचलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. नवा टॉर्च घेतला आणि उतरला. मी वरच्या पायरीवर उभा राहिलो. गुडघाभर पाण्यातून तो पुढे गेल्याचा आवाज आला, मग काही नाही, मग परत येण्याचा. वर आला तेव्हा पॅन्टच्या दुमडी न सोडता तो टेबलाशी बसला.

"भाऊसाहेब, तुमी सगळा टाइम वरच होतात ना?"

"इथेच होतो. का?"

"बिलकुल खाली उतरला न्हाईत?"

"नाही."

त्याने पेनातली लाल शाई तपासली आणि तेवीस नंबरासमोर लिहिलं : 'यादीत १. प्रत्यक्षात २. फरकाचा खुलासा व्हावा.'

"दुसरा कोण?" मी विचारलं.

"अंधार होता," देवानंद म्हणाला. पुढे तो माझ्याशी बोलताना कधी माझ्याकडे बघून बोलला नाही.

खुलासा काय देणार? साहेबांनी शेरा मारला : खुलासा प्राप्त होईपर्यंत तळघराचा चार्ज पूर्ण झाला असे समजण्यात येऊ नये. मी निवृत्त झालो, तळघर झालं नाही. दुसऱ्या दिवशी किल्ली परत करायला गेलो तर ती कोणी घेतली नाही. कचरू चहावाल्याला सांगत होता, "नऊ." माझ्या जाण्याने माणसं सात झाली होती. मी विचारलं नाही.

प्रामाणिकपणाचं फळ मिळतं, असं शाळेत सुभाषित होतं. मिळतं.

८

१९९९ साली कार्यालय नव्या इमारतीत गेलं. फायलीही गेल्या. जुनी कोठी बंद पडली आणि तिची किल्ली माझ्या खुंटीला राहिली. आम्ही आता नवीन जालन्यात राहतो, स्टेशनच्या अलीकडे, वरच्या मजल्यावर. जिना चौदा पायऱ्यांचा. दर डिसेंबरला मी दोन बस बदलून गावी जायचो. कचरूही निवृत्त झालेला. तो चराचं तोंड बांधायचा, मी चौथी पायरी बघायचो, उंबऱ्यावरून दोन ग्लास आत सरकवून परत यायचो. कौसल्येला मी कालव्याची पेन्शनर संघटना काढली आहे असं सांगितलं होतं. तिने विश्वास ठेवला. मित्र नसलेल्या माणसावर बायका विश्वास ठेवतात.

यंदा, २००२ साली, धरणात पाणी नाही. रब्बीची पाळी रद्द. कालव्यात बाभळी उगवल्या आहेत. नोव्हेंबरपासून मी अर्ज करतो आहे : दोन टँकर, फक्त दोन. पंधरा डिसेंबरला कचरूने शेजारच्या दुकानातून फोन केला. "बाबू, पयल्या पायरीवर उमटलं."

दहाव्या दिवशी मी खाजगी टँकर घेऊन गेलो. कोठीच्या दारात पाइप सोडायच्या आत गावातल्या बाया घागरी घेऊन आल्या. गोजरबाई नावाची म्हातारी पुढे होती. तिची दोन एकर जमीन कालव्यात गेली होती. तिची फाइल मी दहा वर्षं विटांवर सांभाळली होती.

"कोरड्या इमारतीत वतायला आनलं का, बाबू?"

"सरकारी काम आहे, मावशी."

"आमच्या नरड्याला सरकार न्हाई व्हय? जमीन घेतली, पानी देतो म्हनले. आता टँकर बी भुईत घालून राह्यले."

कचरू माझ्या कानाशी म्हणाला, "बाबू, जल्दी करा. पाइप आत टाका."

मी पाइप हातात धरून उभा होतो. मग तो गोजरबाईच्या घागरीत सोडला. पंधरा मिनिटांत घागरी, हंडे, कळश्या, डबे भरले. रांगेच्या शेवटी एक लोखंडी घमेलं होतं.

"हे कुणाचं?"

सगळ्याजणी आपापलं भांडं उचलून निघाल्या होत्या. घमेल्याशी पाइप पोचला तेव्हा टँकर संपला होता.

दुसऱ्या दिवशी कचरूचा फोन आला, अकरावी पायरी. त्यानंतर गावातून फोन नाही. आता तिथे काही उमटत नाही, असं तो म्हणतो.

तिथून जालन्यापर्यंत चालत यायला माणसाला दोन दिवस लागतात. ओझं घेऊन, टेकत टेकत आलं तर आठवडा. एक जानेवारीला आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर ओलं वर्तुळ दिसलं. दोन दिसली. एकाला एक लागून.

कौसल्येला मी पुण्याला पाठवतो म्हणालो, तर ती म्हणाली, तिथे कोण आहे आपलं? पुण्यात साहेबराव आहे, मुलाकडे. दर दिवाळीला त्याचं कार्ड येतं. अक्षर अजून तसंच आहे. मी तिला भोकरदनला तिच्या बहिणीकडे पाठवतो म्हणालो, तर थंडीत प्रवास नको म्हणाली. तिला परवापासून खोकला आहे. ओला आहे. डॉक्टरांनी छाती तपासली आणि हिवाळ्याचा आहे म्हणाले. आमच्या न्हाणीत मी टाकी, बादल्या, घंगाळ, सगळं काठोकाठ भरून ठेवलं आहे आणि मोरीला बोळा कोंबून खाली घोटाभर पाणी तुंबवलं आहे. नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी येतं. ती म्हणते, तुम्हाला वेड लागलंय. रोज सकाळी न्हाणीतलं पाणी कमी झालेलं असतं.

आज नऊ जानेवारी २००३. वर्तुळं नवव्या पायरीवर आहेत.

बारावा अर्ज दिनांक २३ डिसेंबर रोजी आवक झाला असून त्यास क्रमांक पडला आहे. तो देवानंदच्या टेबलावर आहे. काल मी समक्ष जाऊन विचारणा केली. मान वर न करता त्याने सांगितलं, की अनुक्रमांक २३ बाबतचा खुलासा अद्याप अप्राप्त असल्याने अर्जावर निर्णय घेता येत नाही. अर्ज प्रलंबित आहे.